कोणाला दिसत नाही? : एका न दिसणाऱ्या डिस्कची जुळवणी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या दुखण्यावर लेख लिहावा, हे सोनाराऐवजी शिंप्याने कान टोचण्यासारखे आहे, असे काही वाचकांना वाटेल. विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींनी क्षमा करावी. पण ज्या दुखण्याविषयी मी येथे लिहिणार आहे, त्याचे निदान मला झाले ते पुस्तपालनाच्या तासाला गिरवलेल्या बँक जुळवणी पत्रकामुळे. रोख पुस्तकातील शिल्लक आणि पासबुकातील शिल्लक जुळत नसली, की आपण लगेच पैसे चोरीला गेले असे म्हणत नाही. एकेक नोंद ताडून पाहतो. संगणकाच्या बाबतीत मात्र चांगली शहाणी माणसेही 'डिस्क गेली' म्हणून मोकळी होतात. ती खरोखर गेली आहे, की केवळ कोणाला तरी दिसत नाही, हे कसे ओळखावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

देवासची वाट

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी देवासला आत्याकडे गेले होते. बेळगाव ते पुणे, पुणे ते इंदूर आणि तेथून पुढे बसने देवास. आपल्याकडील वाचकांना देवास हे नाव परके नाही. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकळी, म्हणजेच पंडित कुमार गंधर्व, क्षयाच्या आजारात कोरडी हवा हवी म्हणून १९४८ साली देवासला गेले आणि तेथलेच झाले. कानडी घरात जन्म, मराठीत वावर आणि माळव्यात घर, असे त्यांचे आयुष्य. माझ्यासारख्या, घरी आईशी कानडी व वडिलांशी मराठी बोलणाऱ्या मुलीला त्या गावाची ओढ वाटावी यात नवल नाही.

धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थाने. त्यामुळे तेथे मराठी घरे पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. आत्याचे सासर मूळचे धारचे. तिचे यजमान, म्हणजे माझे आतोबा, बँकेच्या नोकरीमुळे देवासला स्थायिक झाले. धारच्या जुन्या घरात आतेभाऊ राहतो. त्याला आम्ही दादा म्हणतो. दोन गावांच्या मध्ये इंदूर, आणि अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास.

टेकडीवरच्या देवीला जाताना आत्याने देवासची एक गंमत सांगितली. गाव एक, पण राजे दोन! तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंच्या वंशजांची थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये या एकाच गावात होती. राजवाडे दोन, दरबार दोन, कारभार दोन. पायाखालची जमीन मात्र एकच. १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली व १९५६ साली तो भाग मध्य प्रदेशात आला. ही हकिकत येथे सांगण्याचे कारण असे की, आतोबांच्या घरातला संगणक नेमका याच पद्धतीने चालतो.

एक यंत्र, दोन राज्ये

निवृत्तीनंतर आतोबांनी एका जुन्या संगणकाचा घरगुती साठवण-सर्व्हर केला आहे. घरातील फोटो, कागदपत्रे व गाणी एका ठिकाणी असावीत आणि घरच्या वाय-फायवरून कोणाच्याही मोबाइलवर पाहता यावीत, हा त्यामागचा हेतू. या यंत्रावर त्यांनी 'प्रॉक्समॉक्स' नावाची प्रणाली बसवली आहे. व्हिएन्ना येथील एका कंपनीने ती २००८ साली प्रथम प्रसिद्ध केली, आणि ती विनामूल्य वापरता येते. तिचे काम म्हणजे एका खऱ्या यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रे चालवणे. प्रत्येक आभासी यंत्राची समजूत अशी की, आपण एक स्वतंत्र संगणक आहोत. आपली स्मृती वेगळी, आपला कारभार वेगळा. थोरली पाती आणि धाकटी पाती!

ही कल्पना काही आजची नाही. आयबीएम कंपनीने आपल्या मोठ्या संगणकांवर ती १९६० नंतरच्या दशकात राबवली आणि १९७२ साली 'व्हीएम ३७०' या नावाने ग्राहकांना दिली. पुढे २००७ साली लिनक्सच्या गाभ्यातच 'केव्हीएम' नावाचा भाग आला व ही सोय घरगुती यंत्रांवरही सहज झाली.

या व्यवस्थेत खऱ्या यंत्राला इंग्रजीत होस्ट व आभासी यंत्राला गेस्ट म्हणतात. आपण सरळ यजमान आणि पाहुणा म्हणू. आतोबांच्या यंत्रात दोन पाहुणे आहेत. एक गाणी व चित्रफिती वाजवतो. दुसऱ्यावर 'ओपनमीडियाव्हॉल्ट' नावाची साठवणुकीची प्रणाली आहे. फायली सांभाळणे व घरात वाटणे हे त्याचे काम. आपली गोष्ट या दुसऱ्या पाहुण्याची आहे.

आता लक्षात ठेवण्याची मुख्य गोष्ट. बाहेरून जोडायच्या डिस्कची पिन आपण खोचतो ती यजमानाच्या अंगावर. पाहुण्याला त्याची वार्ताही नसते. यजमानाने ती वस्तू पाहुण्याच्या हाती सोपवली, तरच ती पाहुण्याला दिसते. या सोपवण्याला 'पासथ्रू' असे नाव आहे. आपण त्याला सुपूर्दनामा म्हणू या. आणि एक वस्तू एका वेळी एकाच्याच ताब्यात राहू शकते.

जाता जाता सांगते, यूएसबी ही जोडणी १९९६ साली जगापुढे आली. ती तयार करणाऱ्यांमध्ये इंटेल कंपनीतील अजय भट्ट यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. म्हणजे या पिनेचे एक टोक गायकवाडांच्या बडोद्यापर्यंत पोहोचते!

काय हरवले होते

आत्याचे सासरे धारला शिक्षक होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. निवृत्तीनंतर त्यांनी एका टेपरेकॉर्डरवर आपल्या आठवणी बोलून ठेवल्या होत्या. संस्थान विलीन झाले तेव्हाचे धार, शाळा, सणवार, घरातल्या बायकांच्या ओव्या, असे बरेच काही. भाषा मराठी, पण मध्येच माळवी शब्दांची फोडणी. अशा एकूण ४२ कॅसेटी होत्या, प्रत्येक तासाभराची. काही वर्षांपूर्वी दादाने त्या सर्व संगणकावर उतरवून घेतल्या. त्यानंतरच्या एका पावसाळ्यात धारच्या घराचे छप्पर गळले, कॅसेटींना बुरशी लागली आणि त्या टाकून द्याव्या लागल्या. म्हणजे आता अण्णांचा आवाज एकाच जागी उरला होता, दोन टेराबाइटच्या एका बाहेरच्या डिस्कवर.

यंदा अण्णांची जन्मशताब्दी. भाऊबीजेला सगळे नातेवाईक धारला जमणार होते, आणि त्या दिवशी सर्वांना ध्वनिमुद्रण ऐकवायचे ठरले होते. मी पोहोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी आत्याने मोबाइलवर अण्णांचा फोल्डर उघडला, तर तो रिकामा! सर्व्हरच्या पानावर त्या डिस्कच्या नावापुढे 'मिसिंग' असा शब्द.

आतोबांचे त्याच आठवड्यात मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. काही दिवस पडद्याकडे बघायचे नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. ते हसून म्हणाले, "मला दिसत नाही हे ठीक आहे. त्यालाही दिसत नाही म्हणजे कमालच झाली!" पण हसण्यात जोर नव्हता. शेवटी कीबोर्डपुढे मी बसले आणि ते शेजारी खुर्चीवर बसून मी वाचेन ते ऐकू लागले.

प्रश्न कोणता विचारावा?

"डिस्क दिसत नाही" हे वाक्य अपुरे आहे. मराठीत आपण 'मला दिसत नाही' म्हणतो. कानडीत 'ननगे काणिसोदिल्ल' म्हणतो. दोन्ही भाषांत दिसण्याच्या क्रियेबरोबर कोणाला हे सांगायची सोय चतुर्थीने केलेली आहे. संगणकाच्या पडद्यावरचा इंग्रजी निरोप मात्र वस्तू सापडली नाही एवढेच सांगतो. कोणाला सापडली नाही हे गाळून टाकतो. आणि निदानाची सगळी किल्ली तर तेथेच आहे. यजमानाला दिसत नाही, की पाहुण्याला? पाहुण्याला दिसत नाही, की त्याने ती उघडलेली नाही?

मी आतोबांना हे बोलून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "बँकेत फरक आला की आम्ही हेच करायचो. फरक कुठे आहे ते आधी शोधायचे, का आहे ते नंतर." मग आम्ही एक कोरा कागद घेतला आणि डिस्कपासून मोबाइलपर्यंतच्या वाटेवर सहा टेबले मांडली. कार्यालयात अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो तशी. अर्ज कोणत्या टेबलापर्यंत पोहोचला आहे आणि कोणत्या टेबलावर प्रथम बेपत्ता झाला, हे पाहायचे. मधले टेबल सोडून पुढे उडी मारायची नाही, हा एकच नियम.

पहिले टेबल : वीज आणि वायर

डिस्कचा दिवा लागतो का? हात ठेवल्यावर आतील तबकडी फिरल्याची सूक्ष्म थरथर जाणवते का? टकटक असा आवाज येत असेल तर लगेच थांबावे आणि जाणकाराकडे जावे, कारण तो यांत्रिक बिघाड असू शकतो.

लहान, अडीच इंची डिस्क आपली वीज यूएसबीच्या खाचेतूनच घेते. जुन्या यूएसबी २ च्या खाचेतून पाच व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३ च्या खाचेतून ९००. त्यामुळे एकाच फाट्यावर चार वस्तू लटकवल्या तर डिस्क अर्धपोटी राहते व मध्येच गायब होते. मोठी, साडेतीन इंची डिस्क असेल तर तिला स्वतंत्र अडॅप्टर लागतो. शक्यतो संगणकाच्या मागच्या बाजूची खाच वापरावी, वायर आखूड असावी, आणि शंका आल्यास दुसऱ्या वायरने पाहावे. काही वायरी फक्त मोबाइल चार्ज करण्यापुरत्या असतात. त्यातून वीज जाते, माहिती जात नाही.

आमच्या डिस्कचा दिवा लागत होता, थरथर जाणवत होती. टेबल पहिले, नोंद बरोबर.

दुसरे टेबल : यजमानाला वस्तू दिसते का?

प्रॉक्समॉक्सच्या पानावर 'शेल' उघडून 'एलएसयूएसबी' ही आज्ञा दिली की यजमानाला जोडलेल्या सर्व यूएसबी वस्तूंची यादी येते. प्रत्येक वस्तूपुढे दोन आकड्यांची जोडी असते; एक बनवणाऱ्याचा क्रमांक, दुसरा त्या नमुन्याचा. 'डीमेसेज' ही आज्ञा यजमानाची रोजनिशी वाचून दाखवते. डिस्क काढून पुन्हा खोचली तर या रोजनिशीत नव्या ओळी उमटल्या पाहिजेत. एकही ओळ उमटली नाही तर पुन्हा पहिल्या टेबलाकडे जावे. ओळी उमटतात, पण जोडणी वारंवार तुटल्याची तक्रार दिसते, तर वायर किंवा वीज यांवर संशय घ्यावा.

मात्र पाहुणा ती डिस्क वापरत असताना ती अशी उपटून पाहू नये. आमच्या बाबतीत पाहुण्याला ती दिसतच नव्हती, तरी आम्ही आधी तो पाहुणा रीतसर बंद केला. यादीत आमची डिस्क होती. टेबल दुसरे, नोंद बरोबर.

तिसरे टेबल : यजमानाला ती डिस्क म्हणून दिसते का?

वस्तू ओळखणे वेगळे आणि तिच्यात साठवण आहे हे ओळखणे वेगळे. त्यासाठी 'एलएसबीएलके' ही आज्ञा. तिने यजमानाच्या ताब्यातील सर्व डिस्का व त्यांचे आकार दिसतात. आमच्या दोन टेराबाइटच्या डिस्कपुढे १.८ असा आकडा होता. आत्या म्हणाली, "बघ, थोडं खाल्लं त्यानं!" पण हा तोटा नव्हे, मापांतील फरक आहे. विकणारा हजाराच्या पटीत मोजतो, संगणक १०२४ च्या पटीत. दोन लाख कोटी बाइटांना १०२४ ने चार वेळा भागले की १.८२ येते. शेर आणि किलो यांच्यातला फरक, दुसरे काही नाही.

येथे एक सूचना. डिस्क पाहुण्याला यूएसबी वस्तू म्हणून सोपवलेली असेल व पाहुणा चालू असेल, तर ती यजमानाच्या या यादीतून नाहीशी होते. तो बिघाड नव्हे. चेक देऊन झाला, म्हणून रक्कम आपल्या पुस्तकातून वजा झाली, इतकेच. आमचा पाहुणा बंद होता, म्हणून येथे ती दिसली. पण मग मी पाहुणा सुरू केला आणि पुन्हा यादी पाहिली. डिस्क अजून यजमानाकडेच! वजा व्हायला हवी होती ती झाली नव्हती. म्हणजे चेक लिहिला होता, पण कोणी वटवलाच नव्हता.

चौथे टेबल : सुपूर्दनामा

पाहुण्याच्या 'हार्डवेअर' पानावर सोपवलेल्या वस्तूंची यादी असते. यूएसबी वस्तू दोन तऱ्हांनी सोपवता येते. एक, वस्तूच्या क्रमांकाच्या जोडीने. म्हणजे 'अमुक नमुन्याची वस्तू कोणत्याही खाचेत आली तरी याला द्या'. दुसरी, खाचेच्या क्रमांकाने. म्हणजे 'अमुक खाचेत जे काही येईल ते याला द्या'. आतोबांनी दुसरी तऱ्हा निवडली होती.

आणि आत्याने दिवाळीच्या साफसफाईत सगळ्या पिना काढून, धूळ पुसून, पुन्हा खोचल्या होत्या. डिस्कची पिन एक खाच सोडून पलीकडे गेली होती! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. आत्या कानकोंडी झाली. पण दोष तिचा नव्हता. ज्या हुकूमनाम्यात माणसाऐवजी खुर्चीचे नाव लिहिलेले असते, त्याचे असेच होते.

पिन जुन्या खाचेत खोचून काम भागले असते. पण पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच. म्हणून आम्ही तिसरी तऱ्हा निवडली. लिनक्समध्ये प्रत्येक डिस्कचे 'बाय-आयडी' नावाचे एक कायमचे नाव असते. त्यात तिचा नमुना व अनुक्रमांक असतो. 'एसडीबी', 'एसडीसी' ही नेहमीची नावे मात्र यंत्र सुरू होताना जी डिस्क आधी सापडेल तिला मिळतात, म्हणून त्यांवर विसंबू नये. देवासला नोटा छापण्याचा सरकारी कारखाना आहे, बँक नोट प्रेस. तेथे छापलेल्या नोटेची ओळख ती कोणत्या खिशात आहे यावरून ठरत नाही, तिच्यावरच्या क्रमांकावरून ठरते. तसेच हे.

जुना सुपूर्दनामा काढून टाकला आणि बाय-आयडी नावाने ती डिस्क पाहुण्याला जोडली. या तऱ्हेचे तोटेही सांगितले पाहिजेत. डिस्क जोडलेली नसेल तर पाहुणा सुरूच होत नाही. म्हणून वरचेवर काढ-घाल होणाऱ्या डिस्कसाठी क्रमांकाच्या जोडीची तऱ्हा बरी. शिवाय डिस्कच्या प्रकृतीचा अहवाल पाहुण्याला मिळत नाही, तो यजमानाकडूनच पाहावा लागतो. उलट एकाच नमुन्याच्या दोन डिस्का असतील तर क्रमांकाच्या जोडीने घोटाळा होतो, कारण दोघींची जोडी सारखीच. सुपूर्दनाम्यात बदल केल्यावर तो प्रलंबित म्हणून वेगळ्या रंगात दिसत असेल, तर पाहुणा पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा.

पाचवे टेबल : पाहुण्याला डिस्क दिसते का?

आता पाहुण्याच्या 'डिस्क' पानावर ती आली. १.८२ चा आकडा पाहून आत्याने देवापुढे साखर ठेवली. पण फोल्डर रिकामाच!

येथे बहुतेक लोक गडबडतात. एक चूक सापडली, ती दुरुस्त केली, आणि तरी ताळा जमत नाही; म्हणजे आपले निदानच चुकले असे वाटते. पुस्तपालनात आपल्याला सांगितलेले असते की, एका चुकीच्या आड दुसरी चूक दडू शकते. तसेच येथे होते.

दादाला धारला फोन लावला. तो म्हणाला, "अगं, फाइल सिस्टिम खराब झाली असेल. नवी तयार करून टाक ना!" पडद्यावर खरोखरच तसे बटण होते, 'क्रिएट'. शेजारच्या पानावर 'वाइप' असेही होते. मी खरे सांगते, माझे बोट माऊसवर होते. नवी फाइल सिस्टिम तयार करणे म्हणजे जुनी वही फाडून कोरी वही शिवणे. दादाला वाटले, त्याने फक्त मुखपृष्ठ बदलते. आतोबांनी विचारले, "बटणावर काय लिहिलंय ते वाच." मी वाचले. ते म्हणाले, "मग अजून सहावं टेबल राहिलंय." मी हात मागे घेतला.

सहावे टेबल : वही उघडते का?

डिस्क म्हणजे कपाट, आणि फाइल सिस्टिम म्हणजे त्यातील हिशेबाची वही. कपाट समोर असले तरी वही उघडावी लागते. त्याला 'माउंट' करणे म्हणतात. आमच्या डिस्कवरची वही विंडोजच्या 'एनटीएफएस' पद्धतीची होती. या पद्धतीत, आपल्या हिशेबाप्रमाणेच, आधी कीर्द लिहितात व मग खतावणी करतात. डिस्क मध्येच उपटली तर कीर्दीत नोंद राहते आणि खतावणी अपुरी. मग त्या वहीवर 'अस्वच्छ' अशी खूण राहते, आणि लिनक्स तिच्यात लिहायला नकार देते. हा नकार आपल्या भल्यासाठीच असतो.

विचारता विचारता उलगडले. दसऱ्याला दादा देवासला आला होता, तेव्हा त्याने सर्व्हरची डिस्क आपल्या विंडोजच्या लॅपटॉपला लावून काही फोटो भरले होते, आणि निघायच्या घाईत 'सेफली रिमूव्ह' न करता ओढून काढली होती. त्यानंतर कोणी फोल्डर उघडलाच नव्हता. अति घाई संकटात नेई, ही घाटातली पाटी डिस्कलाही लागू आहे.

मग आम्ही ती वही केवळ वाचण्यापुरती उघडली. अक्षरसुद्धा लिहायचे नाही, या अटीवर. फोल्डरांची यादी पडद्यावर आली. त्यात 'अण्णा' होते.

येथे दुसरा नियम सांगते : आधी नक्कल, मग दुरुस्ती. आम्ही सर्व मजकूर प्रथम सर्व्हरच्या आतील डिस्कवर उतरवून घेतला. तासाभराच्या ध्वनिमुद्रणाला, सीडीच्या दर्जाचे असेल तर, सुमारे ६३५ मेगाबाइट लागतात. ४२ कॅसेटींचे झाले सुमारे २७ गिगाबाइट. म्हणजे एका माणसाच्या आयुष्यभराच्या आठवणी आजकालच्या साध्या मोबाइलमध्येही मावल्या असत्या, आणि तरी आम्ही त्यांची एकच प्रत ठेवली होती! नक्कल झाल्यावर डिस्क विंडोजच्या संगणकाला जोडून 'चेकडिस्क' चालवले, खूण गेली, आणि सहावे टेबलही जुळले.

जुळवणीनंतर

त्या रात्री आतोबांनी पहिले ध्वनिमुद्रण लावायला सांगितले. डोळ्यांना बंदी होती, कानांना नव्हती. सुरुवातीला टेपची खरखर, मग खाकरणे, आणि मग अण्णांनी त्या दिवसाची तारीख व वार सांगितला, वर्गात फळ्यावर लिहावा तसा. आतोबा काही बोलले नाहीत. आत्याने स्वयंपाकघरातला पंखा बंद केला, कारण त्याचा आवाज येत होता.

भाऊबीजेला आम्ही धारला गेलो तेव्हा पिशवीत एक नवी डिस्क होती, तीवर सर्व मजकुराची दुसरी प्रत. ती आता धारच्याच घरी, उंच कपाटात राहते. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचारात आणलेला तीन-दोन-एक असा एक नियम आहे : प्रती तीन, त्या निदान दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या गावी किंवा निदान दुसऱ्या घरी. आमच्या दोन प्रती देवासला आणि तिसरी धारला. धारला लाट मशिदीजवळ पुरातन लोहस्तंभाचे तुकडे ठेवलेले आहेत, ते पाहून आलो. एवढा लोखंडाचा खांब, पण तोही मोडलाच. आपली डिस्क तर तळहाताएवढी.

दादाने 'क्रिएट' बटणाबद्दल कान पकडले. मीही पकडले, कारण बोट माझे होते.

सारांश

परीक्षेच्या दृष्टीने नव्हे, पण प्रसंगी उपयोगी पडावे म्हणून थोडक्यात लिहिते.

१. 'दिसत नाही' म्हणण्याआधी 'कोणाला' हे विचारावे.
२. क्रम ठेवावा : वीज व वायर, यजमानाला वस्तू, यजमानाला डिस्क, सुपूर्दनामा, पाहुण्याला डिस्क, वही उघडणे. जेथे प्रथम नोंद चुकते तेथे थांबावे.
३. एका वेळी एकच बदल करावा व तो कागदावर लिहावा. नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही.
४. सुपूर्दनामा खाचेच्या नव्हे, डिस्कच्या नावाने करावा.
५. एकच डिस्क यजमान व पाहुणा दोघांनी एकाच वेळी कधीही उघडू नये. दोन कारकुनांनी एकमेकांना न सांगता एकाच वहीत लिहिले तर जे होईल तेच होते.
६. 'वाइप', 'क्रिएट', 'इनिशियलाइज', 'फॉर्मॅट' हे शब्द दिसले की हात मागे घ्यावा व बटणावरचे मोठ्याने वाचावे.
७. आधी नक्कल, मग दुरुस्ती. आणि सर्व्हर म्हणजे प्रत नव्हे. प्रत ती की जी दुसरीकडे असते.

असो. लेख थोडा लांबला. आपल्यापैकी अनेकांच्या घरी सर्व्हर नसेल, पण लग्नाच्या, बारशाच्या, गेलेल्या माणसांच्या आठवणी भरलेली एखादी डिस्क किंवा पेनड्राइव्ह कपाटात निश्चित असेल. मराठी विभागातल्या व कन्नड विभागातल्या वाचकांनी हा अंक वाचून झाल्यावर ती एकदा उघडून पाहावी आणि तिची दुसरी प्रत करून दुसऱ्या घरी ठेवावी. एवढे झाले तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.